पॅरिससाठी न्यूयॉर्क : एका वचनाची कहाणी

१९६१ सालच्या मे महिन्याचा शेवटचा दिवस. अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी पॅरिसला येऊन दाखल झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ४४ वर्षे पूर्ण केली होती. त्यांचे यजमान जनरल शार्ल द गॉल यांनी सत्तरी गाठलेली होती. पॅरिसची जनता आणि वृत्तपत्रे श्रीमती केनेडी यांच्या कौतुकात रमली होती. एलिझे प्रासादात मात्र या दोन पुरुषांमध्ये एका वेगळ्याच आणि अत्यंत अवघड विषयावर बोलणे चालू होते.

द गॉल यांची शंका सरळ होती. सोव्हिएत फौजा पश्चिम युरोपात घुसल्या, तर अमेरिका अण्वस्त्रे वापरील काय? ती वापरताच सोव्हिएत अण्वस्त्रे अमेरिकेच्या शहरांवर येऊन पडतील, हे पक्के ठाऊक असतानाही वापरील काय? पुढे हा सारा संवाद एकाच प्रश्नात सांगितला जाऊ लागला : पॅरिस वाचविण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क गमावण्यास तयार आहे काय? केनेडी यांनी परोपरीने आश्वासन दिले. जनरलसाहेबांचे समाधान झाले नाही.

या प्रश्नाला आता साठांहून अधिक वर्षे लोटली. तो विचारणारा गेला, ज्याला विचारला तोही गेला, ज्याच्या भयाने विचारला ते सोव्हिएत साम्राज्यही १९९१ साली लयास गेले. प्रश्न तेवढा मागे उरला. आणि गेल्या काही वर्षांत तो युरोपच्या राजधान्यांतून पुन्हा मोठ्याने विचारला जाऊ लागला आहे. वरवर पाहता हा शस्त्रांचा प्रश्न. आमच्या मते तो मुळात शब्दाचा, म्हणजे दिलेल्या वचनाचा प्रश्न आहे. एका राष्ट्राने दुसऱ्यासाठी मरण पत्करण्याचे वचन द्यावे, आणि दुसऱ्याने त्यावर विसंबून निर्धास्त झोपावे, हे कितपत शक्य आहे? या वचनाचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहण्याचा आमचा विचार आहे.

मोडलेल्या वचनांचा वारसा

द गॉल यांचा संशय हा एका हेकट म्हाताऱ्याचा स्वभावदोष होता, असे अमेरिकेत पुष्कळांना वाटे. परंतु फ्रान्सच्या पाठीशी मोडलेल्या वचनांचा मोठा वारसा होता, हे विसरून चालणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी फ्रान्सशी संरक्षणाचा एक स्वतंत्र करार केला होता. जर्मनीने पुन्हा आक्रमण केल्यास अमेरिका धावून येईल, असे त्यात म्हटले होते. या हमीच्या भरवशावर फ्रान्सने ऱ्हाईन नदीकाठची सरहद्द मागण्याचा आपला आग्रह सोडला. अमेरिकेच्या सिनेटने त्या कराराला संमती कधीच दिली नाही, आणि अमेरिकेच्या संमतीवर अवलंबून असलेली ब्रिटनची तशीच हमीही त्याबरोबर गळून पडली.

केवळ दुसऱ्यांनी फ्रान्सला फसविले असेही नाही. फ्रान्सने स्वतः १९२५ साली चेकोस्लोव्हाकियाला मदतीचे वचन दिले होते. १९३८ साली म्युनिक येथे तेच चेकोस्लोव्हाकिया हिटलरच्या पुढ्यात टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी पोलंडवर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटन व फ्रान्स यांनी वचनाप्रमाणे युद्ध पुकारले खरे. परंतु पोलंड चिरडला जात असताना पश्चिम सीमेवर म्हणण्यासारखी लढाई झाली नाही. सही केलेला करार संकटाच्या घटकेस कसा कागद होऊन राहतो, हे फ्रान्सने दोन्ही बाजूंनी अनुभवले होते. द गॉल यांना वचनभंगाची भाषा चांगली कळत होती, कारण ती त्यांच्या स्वतःच्या राष्ट्रानेही बोललेली होती.

१९४९ चे वचन

४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. दोन राष्ट्रे अमेरिका खंडातील, दहा युरोपातील. पश्चिम गोलार्धाबाहेर शांततेच्या काळात अमेरिकेने असा लष्करी करार प्रथमच केला होता. कराराचे पाचवे कलम प्रसिद्ध आहे : एकावर झालेला सशस्त्र हल्ला हा सर्वांवर झालेला हल्ला मानण्यात येईल. वाक्य मोठे भारदस्त आहे. मात्र याच कलमात पुढे म्हटले आहे, की अशा प्रसंगी प्रत्येक राष्ट्र त्याला आवश्यक वाटेल ती कृती करील, आणि तीत सशस्त्र बळाचा वापरही येईल. 'आवश्यक वाटेल ती' या शब्दांची योजना अमेरिकेच्या सिनेटचे समाधान करण्यासाठी झाली होती. वचन दिले होते; ते कशाने पाळायचे हे मोकळे ठेवले होते.

त्या वेळी याची फारशी चिंता कोणाला वाटली नाही, कारण अणुबाँब एकट्या अमेरिकेपाशी होता. परंतु करारावरची शाई वाळते न वाळते तोच, २९ ऑगस्ट १९४९ रोजी, सोव्हिएत संघाने आपला पहिला अणुस्फोट केला. तरीही सोव्हिएत बाँब अमेरिकेपर्यंत नेऊन टाकणे सोपे नव्हते. युरोप मात्र सोव्हिएत फौजांच्या दारातच होता. त्या फौजांना तोंड देण्यासाठी १९५२ साली लिस्बनच्या बैठकीत दोस्त राष्ट्रांनी सुमारे शंभर डिव्हिजन सैन्य उभारण्याचा संकल्प सोडला. युद्धाने कंबरडे मोडलेल्या युरोपला तो खर्च झेपणारा नव्हता, आणि संकल्प कागदावरच राहिला.

सैन्य महाग पडते, अणुबाँब त्या मानाने स्वस्त. आयझेनहॉवर यांच्या शासनाने हा हिशेब पत्करला. १२ जानेवारी १९५४ रोजी परराष्ट्रमंत्री डलेस यांनी आपल्या भाषणात प्रचंड प्रत्याघाताचे धोरण जाहीर केले. आक्रमण कोठेही होवो, त्याला उत्तर कोठे व कोणत्या साधनाने द्यायचे हे अमेरिका ठरवील, असा त्याचा मथितार्थ. रशियन सैनिकाने सीमा ओलांडली तर मॉस्को जळेल. यालाच पुढे अण्वस्त्रांचा धाक म्हणण्यात येऊ लागले, आणि आपल्या मित्रांवरही या धाकाचे छत्र धरण्याच्या पद्धतीला आण्विक छत्री हे नाव पडले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला. उपग्रह अंतराळात सोडणारे अग्निबाण बाँबही वाहून नेऊ शकतात, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नव्हती. महासागराने वेढलेली अमेरिका आता दूर राहिली नव्हती. त्या दिवसापासून छत्री धरणाऱ्याच्या डोक्यावरही तोच पाऊस पडणार होता.

सुएझचे दोन धडे

या आधीच एका घटनेने मित्रांमधील विश्वासाला तडा गेलेला होता. १९५६ च्या जुलै महिन्यात इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायलने आणि नोव्हेंबरच्या आरंभी ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चढाई केली. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी लंडन आणि पॅरिस यांना अग्निबाणांची सूचक धमकी देणारी पत्रे पाठविली. अमेरिकेने या साहसापासून स्वतःला अलग ठेवले. इतकेच नव्हे, तर पौंडाची घसरगुंडी चालू असताना मदतीचा हात आखडून तिने ब्रिटनला नमविले. ६ नोव्हेंबरला ब्रिटनने माघार पत्करली, फ्रान्सला त्यामागे जावे लागले.

वसाहतवादी हाव म्हणून सुएझच्या चढाईचा निषेध आपल्या देशाने तेव्हाच केला होता, आणि तो योग्यच होता. परंतु येथे पाहायचे ते वेगळे. एकाच प्रसंगातून दोन शेजाऱ्यांनी अगदी उलट धडे घेतले. ब्रिटनने ठरविले, की यापुढे अमेरिकेची साथ कदापि सोडायची नाही. फ्रान्सने ठरविले, की यापुढे अमेरिकेवर कदापि विसंबायचे नाही.

ब्रिटनने १९५२ सालीच ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटे बेलो बेटांपाशी आपला पहिला अणुस्फोट केला होता. १९५८ साली त्याने अमेरिकेशी आण्विक सहकार्याचा करार केला. डिसेंबर १९६२ मध्ये बहामातील नासाऊ येथे पंतप्रधान मॅकमिलन यांनी केनेडींकडून पोलॅरिस क्षेपणास्त्रे मिळविली. पाणबुड्या आणि स्फोटकाग्रे ब्रिटनची, क्षेपणास्त्रे अमेरिकेची, अशी ही वाटणी. ट्रायडंट क्षेपणास्त्रांच्या रूपाने ती आजतागायत चालू आहे.

फ्रान्सची वाट बिकट होती. अणुबाँबची तयारी द गॉल सत्तेवर येण्याआधीच, चौथ्या प्रजासत्ताकाच्या काळात, सुरू झालेली होती. १९५८ च्या सप्टेंबरात द गॉल यांनी अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स या तिघांनी मिळून जागतिक धोरण ठरवावे, असा प्रस्ताव मांडला. त्याला अनुकूल उत्तर आले नाही. १३ फेब्रुवारी १९६० रोजी अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात रेगान येथे फ्रान्सने पहिला अणुस्फोट केला. हिरोशिमावरील बाँबच्या चौपटीहून त्याची शक्ती अधिक होती. १९६६ पर्यंत अल्जीरियात १७ आणि त्यानंतर १९९६ पर्यंत पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियात १९३ चाचण्या झाल्या. फ्रान्सच्या स्वातंत्र्याची किंमत फ्रान्सच्या भूमीवर मोजली गेली नाही, ती वाळवंटातील आणि बेटांवरील माणसांनी मोजली. त्यांना भरपाई देण्याचा कायदा करण्यास २०१० साल उजाडावे लागले. धाकाच्या इतिहासात ही माणसे सहसा येत नाहीत, म्हणून येथे त्यांची नोंद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

बर्लिनची शिबंदी, तुर्कस्तानची क्षेपणास्त्रे

वचन खरे की खोटे, याची परीक्षा त्या काळात एकाच शहरात रोज होत होती. पश्चिम बर्लिन हे सोव्हिएत वर्चस्वाखालील पूर्व जर्मनीच्या पोटात वसलेले बेट. तेथे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांची मिळून काही हजारांची शिबंदी होती. सभोवार पसरलेल्या सोव्हिएत फौजेपुढे ती काही तासही टिकली नसती. मग ती तेथे कशासाठी होती? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६६ साली याचे उत्तर निष्ठुरपणे देऊन ठेवले : ती तेथे मरण्यासाठी होती. ती अशा रीतीने मारली गेली असती, की त्यानंतर अमेरिकेला गप्प बसणे अशक्य व्हावे. हमीला जामीन लागतो, आणि येथे जामीन म्हणून जिवंत तरुण ठेवलेले होते.

१३ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे बर्लिनच्या मधोमध काटेरी तारा उभारण्यात आल्या, आणि पुढे त्यांची भिंत झाली. पाश्चात्त्य राष्ट्रांनी ती पाडली नाही. बर्लिनचे महापौर विली ब्रांट यांनी केनेडींना कळवळून पत्र लिहिले. तेव्हा उपाध्यक्ष जॉन्सन शहरात आले, आणि सुमारे दीड हजार अमेरिकी सैनिकांची एक तुकडी पूर्व जर्मनीतून जाणाऱ्या महामार्गाने बर्लिनमध्ये पाठविण्यात आली. लष्करी हिशेबाने दीड हजार सैनिक म्हणजे काहीच नव्हे. परंतु लोकांनी रस्त्यांत गर्दी करून, फुले उधळून त्यांचे स्वागत केले. जामिनात भर पडली, हे सामान्य बर्लिनकराला युद्धशास्त्राच्या पंडिताइतकेच नीट कळले होते.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात क्यूबाचा पेच उद्भवला. द गॉल यांना सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे दाखविण्यासाठी केनेडींनी माजी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांना पॅरिसला धाडले. अमेरिकेवर सर्वांत कमी विश्वास ठेवणाऱ्या या माणसाने पुरावा पाहण्याआधीच पाठिंबा जाहीर केला. इतके मोठे राष्ट्र खात्रीवाचून असे पाऊल उचलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. छायाचित्रे त्यांनी मागाहून, कुतूहलाने पाहिली. संशय आणि सोबत या दोन गोष्टी एकाच मनात नांदू शकतात, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

परंतु त्याच पेचाची एक दुसरी, झाकलेली बाजू होती. २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना खासगीत सांगितले, की तुर्कस्तानात ठेवलेली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेतली जातील. ती पंधरा होती, आणि १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती खरोखरच काढली गेली. तुर्कस्तानला या सौद्याची वार्ताही नव्हती. ती अनेक वर्षे गुप्त ठेवण्यात आली. या देवघेवीने जग आगीतून वाचले असेल, आणि म्हणून केनेडींना दोष देण्यास आमचे मन धजत नाही. पण ज्याच्या रक्षणासाठी म्हणून शस्त्र ठेवले, त्याला न विचारता त्या शस्त्राचा सौदा झाला, हेही खरेच. मोठ्या मित्राच्या खांद्यावर आपली बंदूक ठेवणाऱ्याने त्या खांद्याच्या हालचालीही गृहीत धराव्या लागतात.

तीन उत्तरे

द गॉल यांच्या प्रश्नाला पश्चिम युरोपने तीन निरनिराळी उत्तरे दिली. ब्रिटनचे उत्तर वर आलेच आहे : बाँब आपला, पण अमेरिकेशी सांधलेला.

फ्रान्सचे उत्तर वेगळे होते. १४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी नासाऊच्या धर्तीवरील देकार नाकारला, आणि ब्रिटनला युरोपीय सामायिक बाजारात प्रवेशही नाकारला. जनरल पिएर गाल्वा या फ्रेंच युद्धविचारवंताचा सिद्धांत असा होता, की दुबळ्याने बलवानाला नष्ट करण्याची गरज नाही. आपल्याला गिळण्यातून जेवढा लाभ होईल त्याहून अधिक हानी करण्याची ताकद असली म्हणजे पुरे. अणुयुगात कोणतेही राष्ट्र दुसऱ्यासाठी आत्मनाश पत्करणार नाही, म्हणून लष्करी मैत्रीला अर्थच उरला नाही, इतक्या टोकाला हा विचार गेला. रेमाँ आराँ या फ्रेंच विचारवंताने १९६३ साली लिहिलेल्या ग्रंथात या टोकाला सडेतोड हरकत घेतली. संशयाचे सिद्धांतात रूपांतर केले, तर शत्रूही तो वाचतो, हे त्यामागचे मर्म आम्हांस दिसते. मित्राचे वचन पोकळ असल्याचे रोज जाहीर करणारा ते वचन आणखी पोकळ करीत असतो.

१९६६ च्या मार्चमध्ये फ्रान्सने नाटोच्या संयुक्त लष्करी व्यवस्थेतून अंग काढून घेतले. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलले. मात्र मूळ करार फ्रान्सने सोडला नाही. पाचव्या कलमाचे बंधन त्याने अखेरपर्यंत मानले, आणि २००९ साली तो संयुक्त व्यवस्थेत परतला. १९७४ च्या ओटावा घोषणेत तर दोस्त राष्ट्रांनी मान्य केले, की ब्रिटन व फ्रान्स यांची स्वतंत्र अण्वस्त्रे सर्वांच्या संरक्षणाला हातभारच लावतात. कारण शत्रूला आता एक नव्हे, तीन निर्णयकेंद्रांचा अंदाज बांधावा लागत होता.

तिसरे उत्तर पश्चिम जर्मनीचे. अण्वस्त्रे निर्माण करणार नाही, असे वचन चॅन्सेलर आडेनावर यांनी १९५४ सालीच दिले होते. युद्ध पेटले तर ते जर्मन भूमीवरच, आणि अण्वस्त्रे पडली तर ती जर्मन गावांवरच, हे उघड होते. तरी निर्णय मात्र दुसऱ्याच्या हाती. नाटोच्या नौकांवर निरनिराळ्या देशांचे खलाशी एकत्र ठेवून त्यांवर पोलॅरिस क्षेपणास्त्रे बसवावीत, अशी एक योजना निघाली. तशी मिश्र खलाशांची एक अमेरिकी युद्धनौका १९६४-६५ मध्ये प्रयोगादाखल फिरलीही. परंतु कळ शेवटी वॉशिंग्टनलाच राहणार होती, त्यामुळे कोणाचेच समाधान झाले नाही. अखेरीस डिसेंबर १९६६ मध्ये नाटोत अणुनियोजन गट स्थापन झाला. जर्मनीला बाँब मिळाला नाही. बाँबविषयीच्या चर्चेत कायमची खुर्ची मिळाली. आमच्या अल्प मतीप्रमाणे तिन्ही उत्तरांत हे सर्वांत कमी दिमाखदार आणि सर्वांत टिकाऊ ठरले.

ब्रिटनचे संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी या साऱ्या गुंत्याचे सार एका प्रमाणात सांगितले आहे. अमेरिका प्रत्याघात करील अशी शंभरात पाच शक्यता रशियाला रोखण्यास पुरेशी असते. युरोपीय मित्रांना धीर देण्यास मात्र शंभरात पंच्याण्णव लागते. शत्रूला परावृत्त करण्यापेक्षा मित्राची समजूत काढणे अवघड, हा अनुभव घराघरांतलाच आहे.

हा प्रश्न केवळ युरोपचा राहिला नाही. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला, तेव्हा आपल्या देशासमोरही तो उभा ठाकला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्या वर्षाच्या अखेरीस लंडनच्या भेटीत अण्वस्त्रधारी राष्ट्रांकडून हमी मिळण्याविषयी बोलणे काढले. १९६७ साली ल. क. झा त्यासाठी मॉस्को, वॉशिंग्टन व लंडन येथे जाऊन आले. भरवसा ठेवावा अशी हमी हाती लागली नाही. जून १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने अण्वस्त्रविहीन राष्ट्रांना आश्वासन देणारा ठराव केला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या पाच देशांत भारत होता, आणि फ्रान्सही होता. दोघांची कारणे अगदी एक नव्हती, पण शंकेचे कूळ एकच होते.

वचनाची नीती

येथवर आम्ही वचन पाळले जाईल काय, एवढेच पाहिले. परंतु ते पाळले जाणे योग्य आहे काय, हा प्रश्न त्याहून खोल आहे. तुझ्यासाठी मी माझा जीव देईन, हे वचन उदात्त आहे. येथे वचन तेवढेच नव्हते. तुझ्यासाठी मी लाखो अनोळखी माणसांना, त्यांच्या लेकराबाळांसह, जाळून टाकीन, हेही त्यात होते. असे वचन मोडले तर मित्राचा विश्वासघात, आणि पाळले तर मानवतेविरुद्ध अपराध. या कात्रीत सापडलेले दुसरे वचन इतिहासात शोधून मिळणे कठीण.

ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली. क्यूबाच्या पेचात, २५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पोप तेविसावे जॉन यांनी रेडिओवरून सत्ताधीशांना आवाहन केले. पुढील एप्रिलमधील 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात त्यांनी शिकविले, की खरी शांती शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, परस्परविश्वासावर उभी राहते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस करणाऱ्या युद्धकृतीला देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा ठरविले. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या संदेशात समतोलावर आधारलेला धाक, तो स्वतःच साध्य नसून निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील एक पायरी असेल तर, तूर्त नैतिकदृष्ट्या ग्राह्य मानता येईल असे म्हटले.

त्या 'तूर्त' शब्दावरून बिशपांतही मतभेद झाले. सोव्हिएत एस-एस-२० क्षेपणास्त्रांना उत्तर म्हणून अमेरिकेची पर्शिंग आणि क्रूझ क्षेपणास्त्रे युरोपात ठेवण्याचा निर्णय नाटोने १२ डिसेंबर १९७९ रोजी घेतला होता, आणि १९८३ साली पश्चिम जर्मनीच्या रस्त्यांवर लाखो लोक त्याविरुद्ध उतरले होते. त्याच वर्षी अमेरिकी, जर्मन आणि फ्रेंच बिशपांनी आपापली पत्रे प्रसिद्ध केली. अण्वस्त्रांच्या प्रथम वापराला अमेरिकी बिशपांनी विरोध केला. नि:शस्त्र राष्ट्र धमकीपुढे हतबल होते, या धोक्यावर फ्रेंच बिशपांनी भर दिला. छत्री धरणाऱ्यांना हाताखालचे रक्त दिसत होते, छत्रीखालच्यांना डोक्यावरचे आभाळ. एकाच सुवार्तेचे वाचक असूनही माणूस उभा कोठे आहे यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते, याची जाणीव आम्हांस ती पत्रे करून देतात.

सुदैवाने ८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन व गोर्बाचोव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा सारा वर्गच रद्द करणारा करार केला, आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. तो करारही २०१९ साली संपुष्टात आला. पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी हिरोशिमा येथे अण्वस्त्रे वापरणेच नव्हे, तर बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. १९८२ च्या 'तूर्त'ची मुदत ख्रिस्तसभेच्या लेखी संपलेली होती.

जुना प्रश्न, नव्या राजधान्या

५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे युक्रेनने आपल्या भूमीवर उरलेली सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांच्याकडून आपल्या सीमांविषयी आश्वासन मिळविले. ते आश्वासन होते. लष्करी मदतीची हमी नव्हती. या दोन शब्दांतील अंतर युक्रेनला २०१४ साली क्रिमियात आणि २४ फेब्रुवारी २०२२ नंतर संपूर्ण देशभर मोजावे लागले. शेजारच्या फिनलंडने २०२३ साली आणि स्वीडनने २०२४ साली दीर्घकालीन अलिप्तता सोडून नाटोत प्रवेश केला. पाचव्या कलमाच्या आत असणे आणि बाहेर असणे यांतील फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

परंतु ज्या घराचा आश्रय घेतला, त्याचाच आधारखांब हलू लागल्याचे दृश्यही त्यांना दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक प्रचारात डोनाल्ड ट्रंप यांनी सांगितले, की संरक्षणावर पुरेसा खर्च न करणाऱ्या मित्रराष्ट्राचे आपण रक्षण करणार नाही, उलट रशियाला हवे ते करू देऊ. ते पुन्हा सत्तेवर आल्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, जर्मनीचे भावी चॅन्सेलर फ्रीडरिख मेर्त्स यांनी ब्रिटन व फ्रान्स यांच्याशी अण्वस्त्रांच्या छत्राविषयी बोलण्याची इच्छा व्यक्त केली. ५ मार्च रोजी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी युरोपातील मित्रांच्या संरक्षणासाठी फ्रेंच अण्वस्त्रांचा विचार करण्याची चर्चा खुली केली; निर्णय मात्र फ्रान्सच्या अध्यक्षाचाच राहील, असेही बजावले. १० जुलै २०२५ च्या नॉर्थवूड घोषणेत ब्रिटन व फ्रान्स यांनी आपल्या स्वतंत्र अण्वस्त्रांत समन्वय साधण्याचे ठरविले, आणि युरोपवरील आत्यंतिक संकटाला दोन्ही देश प्रतिसाद देतील असे जाहीर केले.

इतिहास येथे जनरलसाहेबांची थट्टा करतो. फ्रान्सपाशी सुमारे २९० आणि ब्रिटनपाशी सुमारे २२५ स्फोटकाग्रे आहेत. रशियापाशी चार हजारांहून अधिक. उद्या एस्टोनियाच्या सीमेवर संकट आले, तर तालिनसाठी पॅरिस पणाला लावायला फ्रान्स तयार होईल काय? द गॉल यांनी जो प्रश्न अमेरिकेला विचारला, तोच आता त्यांच्या वारसांना विचारला जाणार आहे. आणि कोणतेही राष्ट्र दुसऱ्यासाठी आत्मनाश पत्करत नाही, हे फ्रान्सनेच जगाला शिकविलेले आहे.

या साऱ्यातून आम्हांस एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले, १२ सप्टेंबर २००१ रोजी, आणि तेही अमेरिकेच्या मदतीसाठी. न्यूयॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा पॅरिस, बर्लिन आणि लंडन तिच्या बाजूने उभे राहिले. त्या दिवशी कोणी हिशेब मांडला नाही. त्याउलट शीतयुद्धाच्या चाळीस वर्षांत मांडलेले सारे हिशेब कधी पडताळून पाहण्याची वेळ आली नाही. ते वचन पाळले गेले असते काय, हे आजही कोणी सांगू शकत नाही, आणि तसे सांगता येत नाही याबद्दल देवाचे आभारच मानावयास हवेत.

वचन शस्त्राने विश्वसनीय होत नाही. बर्लिनकरांचा विश्वास बसला तो त्यांच्या रस्त्यांवरून चालत आलेल्या दीड हजार परक्या तरुणांमुळे. जर्मनीचा बसला तो चर्चेतल्या एका खुर्चीमुळे. तुर्कस्तानचा विश्वास गमावण्याजोगे जे घडले, ते त्याला अंधारात ठेवल्यामुळे. सोबत राहणे, विचारणे, न लपविणे, याच त्या वचनाच्या खऱ्या विटा होत्या. अण्वस्त्रे त्यांवर ठेवलेले ओझे होते. युरोप आज नवी छत्री शिवण्याच्या विचारात आहे. ती कोणाच्या हाती असावी यावर वाद होतील, आणि ते व्हावेत. पण त्या छत्रीच्या सावलीत उभे राहणाऱ्या प्रत्येकाने, ती उघडावी लागली तर पलीकडच्या शहरातील कोणती मुले जळतील, हेही स्वतःला विचारावे. द गॉल आणि केनेडी यांच्या त्या दिवसाच्या बोलण्यात पॅरिस होते, न्यूयॉर्क होते. मॉस्कोतील घरांची आठवण मात्र कोणाला झाल्याचे दिसत नाही.